पहिलं नाव

“त्यांना सांगा, वर्णमालेत ‘न’ आधी येतो, ‘र’ नंतर,” नृसिंहराव म्हणाले.

रंगनाथराव पलीकडच्याच टेबलाशी बसले होते. “त्यांना सांगा, नोकरीत मी आधी लागलो.”

विजयाबाईंनी दोन्ही निरोप एक अक्षर न बदलता पोचवले. नगरच्या त्या कॉलेजात नव्यानं लागलेली ही बाई मोठी सोशिक. दोघा प्राध्यापकांचा अबोला सुरू झाल्यापासून निरोपांची ने-आण तिच्याच गळ्यात पडली होती.

दोघांनी मिळून पाथर्डीकडचा एक तंटा अभ्यासला होता. दोन भावक्या विहिरीच्या पाळीवरून हातघाईवर आल्या होत्या, तो. तंटे आणि वाटाघाटींवरच्या संशोधनाला पुण्याची एक संस्था पुरस्कार देणार होती. इतकी वर्षं शिकवून नृसिंहरावांचं नाव कुठं छापून आलं नव्हतं. आता येणार तर निबंधावर पहिलंच यायला हवं. आणि हा गृहस्थ आडवा! त्यांचा नुसता जळफळाट होई.

“सर, राग कालच्यापेक्षा वाढलाय की उतरलाय?” विजयाबाई आस्थेनं विचारत.

“वाढलाय! तुम्हीच काही तोड काढा ना.”

“छे, मी कशी मधे पडू?”

त्यातच एकदा त्या तंट्यातल्या एका भावकीचा कारभारी बाजाराला आला, तो कॉलेजात डोकावला. “आमचं कवाच मिटलं, सर. तुमचं मिटलं का न्हाई?”

नृसिंहरावांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

मुदत सरत आली तेव्हा दोघांनी तोच निबंध दोन पाकिटांत घातला, निबंधावर आपापलं नाव पहिलं लिहून. विजयाबाईंचंही काही टपाल होतं. त्यांनीच सगळं पोस्टात टाकलं.

समारंभाला तिघं एकाच एस.टी.नं निघाले. केडगाव मागं पडलं तरी दोघांची तोंडं दोन खिडक्यांकडे. विजयाबाई खास रजा टाकून आल्या होत्या. आपल्या कौतुकासाठी कुणीतरी आलं, या विचारानं नृसिंहरावांना अगदी भरून आलं.

सभागृहात विजयाबाई दोघांच्या मधे बसल्या. अध्यक्ष उठले.

“एकच निबंध दोन पाकिटांतून आला. दोन्ही बाद केले.”

नृसिंहरावांनी कपाळावर हात मारला. रंगनाथरावांनीही. वर्षभरात पहिल्यांदाच दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“पुरस्कार मात्र नगरलाच जातोय. निबंधाचा विषय : ‘पहिलं नाव कुणाचं? दोन प्राध्यापकांच्या अबोल्याचा अभ्यास’.”

विजयाबाई पदर सावरत उठल्या. “जरा पाय आत घेता का, सर?”