भोंगा झाल्यावरचं चालणं

आरोप एका शब्दाचा होता आणि तो शब्द इंग्रजी होता. भोंगा वाजल्यावर पुंजारामने ‘सॉन्टर’ केलं.

बोईसरच्या त्या रंगाच्या कारखान्यात चौकशीसाठी वेगळी खोली नव्हती, म्हणून कॅरमचा बोर्ड भिंतीला उभा करून टेबल मांडलं होतं. टेबलामागे चौकशी अधिकारी म्हणून पालघरचे एक वकील, शेजारी पर्सोनेलचे टिपणीससाहेब, समोर युनियनचा दामू. पुंजाराम दारातच उभा होता. त्याला आत ये असं अजून कोणी म्हटलं नव्हतं.

“हे सॉन्टर म्हंजे काय?” दामूनं विचारलं. “मानसाची नोकरी जाती हाय. कशानं जाते ते तरी आमाला कळू द्या.”

प्रश्न टिपणीससाहेबांना आवडला. आरोपपत्रात तो शब्द त्यांनीच घातला होता. दुसऱ्या कोणाला तो सुचला नसता.

“चालणं वेगळं, सॉन्टर वेगळं,” ते म्हणाले. “सॉन्टर म्हणजे आरामात. कुठे पोचायचं नाही, कोणी वाट बघत नाही, असं.”

“रात्रपाळीहून घरी जातात तसं?” वकिलांनी विचारलं.

“छे, ते ट्रज. त्यात दमणूक येते.”

“आनि पिऊन चालला तर?” दामू म्हणाला.

“ते स्टॅगर. त्याला कलमही वेगळं. सॉन्टरमध्ये माणूस शुद्धीत असतो आणि मजेत असतो. केळव्याला रविवारी मुंबईची मंडळी वाळूवर फिरतात ना, ते सॉन्टर.”

एवढ्यावर न थांबता ते उठले. पँटच्या खिशात हात घालून कॅरम बोर्डापासून खिडकीपर्यंत गेले, बाहेरच्या धुरांड्याकडे कौतुकानं बघितलं आणि तसेच परत आले. वकिलांना पटलं. दामूलासुद्धा पटलं. शब्द खरोखर चांगला होता.

भोंगा खोटा होता, पण पाहुणे खरे होते. सुरक्षेची कवायत बघायला मुंबईहून साहेब आले होते, हातात घड्याळ घेऊन. भोंग्याबरोबर सगळा कारखाना धावत फाटकाशी जमला. पिंपं धुण्याच्या खात्यातला पुंजाराम तेवढा आला नाही. तो आला तेव्हा पाहुण्यांचा चहा उरकत आला होता. फाटकावरच्या वॉचमननं जबाब दिला होता की गडी मान खाली घालून, शिंपले वेचत यावं तसा, एकेक पाऊल टाकत येत होता.

“बघा,” टिपणीससाहेब म्हणाले. “शिंपले. मी केळवं म्हणालोच.”

वकिलांनी पहिल्यांदाच दाराकडे बघितलं. “का रे, धावला का नाहीस?”

“धावता येत न्हाई, साहेब.”

“पाय दुखतात?”

“दुखत न्हाईत. आधी मुंग्या यायच्या. आता त्या बी येत न्हाईत.”

“मग बरंच झालं की,” टिपणीससाहेब म्हणाले.

“पिंपातलं केमिकलचं पानी गमबुटात जातंय त्याच्या,” दामू म्हणाला. “बूट फाटलेत. आमी किती येळा सांगितलं.”

“बुटांचा विषय स्टोअरकडे,” टिपणीससाहेब म्हणाले. “इथे चालण्याचा आहे.”

वकिलांना पाचची गाडी पकडायची होती. त्यांनी सोपा मार्ग काढला. “त्या दिवशी आलास तसा आत्ता ये. दारापासून इथपर्यंत. आम्हीच बघतो सॉन्टर आहे की नाही.”

पुंजारामनं मान खाली घातली. उजवं पाऊल बघून उचललं, बघून ठेवलं. मग डावं.

“खाली काय बघतोस? हरवलंय काय तुझं?” टिपणीससाहेब म्हणाले. “मान वर. साहेबांकडे बघून चाल.”

“खाली बघावंच लागतं, साहेब. न्हाई बघितलं तर पाय कुठं पडला त्ये कळत न्हाई.”

“पुंजाराम, भाषण नको,” वकील म्हणाले. “समोर बघ.”

नोकरी त्या टेबलापलीकडे बसली होती. पुंजारामनं मान वर केली, वकिलांच्या चष्म्यावर नजर लावली आणि चालू लागला. या वेळी जरा घाईनं चालला, म्हणजे सॉन्टर वाटू नये.

खोलीच्या मध्यावर डाव्या पायातली रबरी चप्पल निसटली आणि उलटी होऊन पडली. पुंजाराम थांबला नाही. चालत टेबलापाशी आला आणि हात जोडून उभा राहिला.

वर पंखा फिरत होता. टिपणीससाहेब चपलेकडे बघत होते. त्यांच्याकडे इंग्रजी शब्द पुष्कळ होते. त्यांतला एकही ते बोलले नाहीत.

वकिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“चप्पल घाल,” ते हळूच म्हणाले.

“घातलीय की, साहेब,” त्यांच्याकडेच बघत पुंजाराम म्हणाला.