आधी कोणी बघायचा

चष्मेवाल्याने टीव्हीसमोर खुर्ची ओढली, स्वतःचा चष्मा शर्टाला पुसला आणि परीक्षेला बसावं तसा सिनेमा बघायला बसला. सूडाचा सिनेमा. लेकीच्या दहावीच्या वर्गात तो बघायचं कोणी बाकी राहिलं नव्हतं म्हणे. बहिणीने फोनवर बजावलं होतं, "नुसती कापाकापी आहे. आधी तू बघ, मग पोरीला दाखवायचा का ते ठरव."

खरं तर हे खातं बायकोचं. ती थोडा वेळ बघायची आणि निकाल लावून मोकळी व्हायची. हा चालेल, हा नाही, हा आपण बाबा घरात नसताना बघू. तिला जाऊन वर्ष होत आलं. रस्त्याच्या कडेने चालताना एका टेम्पोने उडवलं. तेव्हापासून घरात कोणी सिनेमा लावला नव्हता. टेम्पोवाला जामिनावर सुटून गॅरेजमध्ये पुन्हा कामाला लागला होता.

किती शिव्या चालतील, किती रक्त चालेल, याचा चष्मेवाल्याला काडीचा अंदाज नव्हता. पडद्यावर नावं सुरू झाली. तेवढ्यात लेक आतून आली, त्याच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि टीव्ही बंद केला.

"हा नको बघूस, बाबा."

"अगं, तुझ्यासाठीच बघतोय."

"मी बघितला. काल, मैत्रिणीकडे."

आता रागवायला हवं होतं. "मला न विचारता?"

"तुझ्यासाठी बघितला. आत्या तुला बघायला लावणार, माहीत होतं मला." ती खुर्चीच्या हातावर बसली आणि थेट आईच्या सुरात सांगू लागली. "शिव्या आहेत, त्या तुला येतात. रक्त आहे, ते खोटं आहे हे कळतं. पण सुरुवातीलाच हिरोच्या बायकोला गाडी उडवते. तुला नाही झेपणार."

चष्मेवाल्याला पोरीचं कौतुक वाटलं आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"आणि तू हल्ली दुकानातून लांबच्या रस्त्याने येतोस," ती म्हणाली.

"जवळचा खोदलाय."

"नाही खोदलेला. मी रोज त्याच रस्त्याने येते. तू गॅरेजवरून येतोस. समोर उभा राहतोस. मी बघितलंय."

तिथे कशासाठी उभं राहतो, हे त्याने स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी मात्र तो रस्ता ओलांडून गॅरेजच्या दारापर्यंत जाऊन आला होता. तिने तेही पाहिलं का, हे विचारायचा धीर झाला नाही. त्याने दुसरंच विचारलं.

"सापडतो का त्याला तो गाडीवाला?"

"सापडतो."

"मग?"

"मारतो. पोलीस येतात, तो हसत हात पुढे करतो. संपला."

"बरा आहे की शेवट."

"त्याला मुलगी असते, बाबा. तो घरातून निघतो तेव्हा ती ताटं घेत असते. तिचं पुढे काय झालं, ते दाखवलंच नाही." रिमोट तिने दोन्ही हातांत धरला होता. "शेवटची सगळी नावं संपेपर्यंत बसले मी. मैत्रीण म्हणाली, अगं संपला, ऊठ. तरी बसले."