मधमाशी न येणारं झाड

"वर्षानुवर्षं फुलेल, पण मधमाश्या फिरकणार नाहीत, असं झाड द्या," सुलक्षणा म्हणाली.

नर्सरीवाले काका हसले. "ताई, फूल आलं की माशी आलीच."

सुलक्षणाला हसू आलं नाही. गेल्या वर्षी मधमाशीच्या एका दंशानं तिच्या लेकीचा, मुग्धाचा, श्वासच कोंडला होता. पोर मरता मरता वाचली होती.

इतक्यात मधुमालतीपाशी उभ्या मुग्धाच्या मानेवर मधमाशी बसली. सुलक्षणानं घाईघाईनं पर्समधलं ॲलर्जीचं इंजेक्शन बाहेर काढलं.

"आई, हलू नकोस," डोळे मिटून मुग्धा पुटपुटली. "मीही हलत नाहीये."

माशी उडून गेली. सुलक्षणा मटकन खाली बसली.

"काका, आधी आईला पाणी द्या," मुग्धा म्हणाली, "आणि मग ही मधुमालती."

सुलक्षणानं इंजेक्शन परत पर्समध्ये ठेवलं आणि पैसे बाहेर काढले.