गादीखालचा फोन

“बठ्ठं गाव हाईच म्हणस, भाऊ. मंग करोना काय यष्टीमा बशीसन उना?”

सविता ओट्याखाली उभी राहून मास्कआडून अहिराणीत बोलली आणि स्वतःच थोडी हसली. ती या गल्लीची आशा कार्यकर्ती. खिडकीच्या गजांमागे श्रेयांस हसला नाही. चार दिवसांपूर्वी त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता. आजारी पडण्याआधी कोणाकोणाला भेटलात, एवढंच ती रोज येऊन विचारत होती. कोणालाच नाही, एवढंच तोही साऱ्या गावासारखं सांगत होता.

मागे मधल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. दाराआड त्याचे बाऊजी, रिखबचंद शेठ, सगळं ऐकत उभे होते. धरणगावात त्यांचं कापडाचं दुकान, आणि शब्द दगडावरची रेघ. त्यांच्या कानावर पडेल असं एक नाव श्रेयांसला घेता येत नव्हतं.

चेलना. त्याची धाकटी बहीण. तिनं बौद्धवाड्यातल्या जीवनशी लग्न केलं, त्या दिवशी बाऊजींनी तिच्या नावानं आंघोळ केली. या घरात हे नाव पुन्हा निघायचं नाही, म्हणाले. निघालं नाही.

श्रेयांस मात्र जायचा तिच्याकडे. स्टेशनापलीकडे तिचं दोन खोल्यांचं घर. जीवन पाचोऱ्याला रेल्वेत. तो ड्युटीवर गेला की हा जायचा. जीवनलाही सांगू नको, असं त्यानं तिला बजावून ठेवलं होतं. बोलणं शेजारी जाऊ नये म्हणून ती मोबाईलवर कीर्तन लावायची. ही तिची लहानपणची गोडी. जैनाच्या घरची पोर, पण सप्ताह बसला की देवळाच्या पायरीवर टाळ घेऊन बसायची. बुवा रंगात आले, की घरून आलेलं बोलावणं तिला ऐकू जायचं नाही. असं जीव ओतून ऐकणारं माणूस देव रोज थोडंच घडवतो. आताही मृदंग घुमला, की चहा गाळता गाळता तिचा हात ठेका धरायचा. मग धाप लागायची. दमा होता तिला. पंप ओढायची आणि भावाकडे बघून हसायची.

जाताना तो आपला फोन दुकानातल्या गादीखाली सारून जायचा. करोनाचं ते अॅप घेतल्याशिवाय दुकान उघडायचं नाही, असं व्यापाऱ्यांचं ठरलं होतं. आणि बाजारात जो तो सांगे, त्यात सगळं कळतं बरं का. कोण कुठं गेला, कोणाजवळ बसला, सगळं. बाऊजी तर गोशाळेत चारा टाकायला जातानाही फोन घरीच ठेवत. गाईंना काय अॅप दाखवायचं, म्हणत.

ताप आल्यापासून श्रेयांसनं बहिणीला फोनही केला नव्हता. नंबर फोनमध्ये राहिला असता. ती बरी असेल, असं तो मनाला सांगत राहिला. आता मात्र त्या पंपाची आठवण झाली. तो गजांपाशी वाकला.

“चेलनाकडे जात होतो,” तो पुटपुटला. “हळू बोला.”

सविताचं हसू गेलं. फोन जवळ होता का, तिनं विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. फोन नेला असता तर नाव उघडं पडलं असतं ना.

“नाव येतच नाही हो त्यात, भाऊ. कोण, कुठं, काही नाही. तुमचा रिपोर्ट आला त्याच दिवशी, आजारी माणूस जवळ येऊन गेला, एवढंच तिला कळलं असतं.”

चेलनाच्या फोनमध्ये ते अॅप सवितानंच टाकून दिलं होतं. दम्याची बाई म्हणून. रोज उठून बघत जा, हिरवं दिसतंय तोवर घाबरू नको, असंही तीच सांगून आली होती.

हातात मोजे होते, म्हणून तिनं आपला फोन ओट्यावर ठेवला, स्पीकर लावला आणि चेलनाचा नंबर फिरवला.

फोन जीवननं उचलला. तो जळगावला होता, दवाखान्याच्या बाहेर. सांगायला लागला तेव्हा आवाज अगदी कोरडा होता, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसा. चेलनाला धाप लागली, तर दोघांना नेहमीचा दमाच वाटला. अॅप हिरवंच होतं ना. मग ओठ निळे पडले, तेव्हा गाडी करून इथं आणली. आज पहाटे ती गेली. तोंडही लांबूनच दाखवलं.

सविताच्या तोंडातून रोजच्या सवयीचंच निघालं. तिच्याकडे घरी कोणी येत होतं का?

“डॉक्टरांनी विचारलं, मी पण विचारलं,” जीवन म्हणाला. “माहेरचं कोणीच येत नाही, म्हणे. त्यांना उगाच त्रास देऊ नका. बोलता येत होतं तोवर हेच.”

फोन बंद झाला. श्रेयांस गज धरून खाली बसला. आता कशाची भीती उरली नव्हती. मी जात होतो बाऊजी, मीच जात होतो, तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, आणि तिनं माझं नाव नाही घेतलं. मागून बाऊजींचा आवाज चढेल, याची वाट बघत तो थांबला.

मधलं दार उघडलं. रिखबचंद शेठ मास्क न लावताच बाहेर आले, पोराच्या अंगावरून पुढे झाले आणि खिडकीशी उभे राहिले. त्यांनी सविताकडे पाहिलं.

“आणि माझं?” त्यांनी विचारलं. “गोशाळेचं नाव करून मीही जायचो. माझंही नाव नाही सांगितलं तिनं?”