तळ्यातला डोंगर

चित्र उलटं टांगलं होतं.

मास्तरांना ते दारातूनच दिसलं. बायकोने चाकाची खुर्ची ढकलत जवळ नेली, तेव्हा तर खात्रीच पटली. गावामागचा डोंगर आणि तळ्यात पडलेलं त्याचं प्रतिबिंब. आजारपणाआधीचं त्यांचं शेवटचं चित्र. पाण्यातला डोंगर खऱ्यापेक्षा जरा काळपट दिसतो, हे शाळेतल्या पोरांना शिकवण्यात मास्तरांची हयात गेली होती. आणि इथे तो काळपट डोंगर वर आभाळात, खरा डोंगर खाली पाण्यात शीर्षासन करत होता! मास्तर सही चित्राच्या पाठीमागे करत, त्यामुळे समोरून बघणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता.

ग्रंथालयाच्या या दालनात दरवर्षी गावातल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरायचं. विषय ठरलेला, आपला परिसर. तेच डोंगर, तेच तळं, तीच खडीची वाट. चित्रं टांगायचं काम मात्र मास्तरांचं. फ्रेम नखभर तिरकी दिसली तरी घर डोक्यावर घेणारा माणूस. यंदा झटका आला, उजवं अंग गेलं आणि बोलणंही. शब्द डोक्यात शाबूत आहेत, रोज बोलायचा प्रयत्न करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मास्तरांनी सुरुवातीला केलाही. तोंडातून नुसती घरघर निघायची. त्याची इतकी लाज वाटली, की त्यांनी ओठ मिटले ते मिटलेच. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. बायकोने समजावलं, विनवलं, शेवटी रडूनही पाहिलं. व्यर्थ.

मास्तरांनी डावा हात कसाबसा उचलून चित्राकडे बोट केलं.

"हो हो, तुमचंच आहे," बायको म्हणाली. "मी स्वतः लावलंय. कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही."

लोक येत होते, माना डोलावत होते. "आभाळ काय भरून आलंय!" दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या. दुकानांच्या पाट्या रंगवणारा जुना दोस्त पाठीवर थाप मारून म्हणाला, "मास्तर, शेवटी तुम्हीही नव्या वळणाला लागलात म्हणायचं!"

मास्तरांनी जोरजोरात मान हलवली. पंजा खालीवर फिरवून दाखवला.

"उकडतंय का? पंखा लावायला सांगू?" बायकोने विचारलं.

मास्तरांनी खुर्चीच्या दांड्यावर चापट मारली.

"बरं बरं, जाऊ या घरी. एवढा फोटो होऊ दे."

वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला होता. उद्या सगळा गाव हे बघणार. मास्तरांचं शेवटचं चित्र म्हणून हेच लोकांच्या लक्षात राहणार. बायको फ्रेमशेजारी ऐटीत उभी राहिली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या डोळ्यांदेखत आपलं वाटोळं होतंय आणि 'थांबा' म्हणायचीही सोय नाही, यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांना वाटलं.

फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला आणि मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मान ताठ झाली. ओठ वेडेवाकडे झाले. घरघर ऐकून सगळं दालन वळून बघायला लागलं. मास्तरांना कसली आज लाज!

"उ... उ... उलटं!"

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला.

"उलटं... आहे! अक्कल... आहे का... तुला!"

बायको मटकन खाली बसली. खुर्चीचा दांडा घट्ट धरून ती हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"आहे हो," ती म्हणाली. "पण गोडीगुलाबीने तुमचं तोंड कधी उघडलंय? म्हणून तर उलटं टांगलं."