तीसच्या वर नाही

“काढा नं ते लिमिट,” प्रेरणा पुन्हा म्हणाली.

एक्सलरेटरवरचा गोपालचा पाय आधीच तळाला टेकला होता. पण पडद्यावरचा तीसचा आकडा हलत नव्हता. आर्णी रोडनं यवतमाळात शिरताना तो नेहमी गाडी कडेला घ्यायचा आणि पडद्यावर बोट टेकवून वेग तीसला बांधून टाकायचा. मग कितीही दाबा, त्यांची इलेक्ट्रिक गाडी त्यापुढे जात नसे. आजही महागावहून येताना त्याने तेच केलं होतं. बेबीकाकूंचा फोन आला तो त्यानंतर.

बेबीकाकू प्रेरणाच्या माहेरच्या शेजारीण. दिवसभर तिच्या बाबांजवळ त्याच बसत. फोनवर त्यांना रडू आवरत नव्हतं.

“प्रेरणा, अवं बाबा चालले वं! लवकर ये, माय!”

मागे माणसांचा गलका होता. तेवढ्यात फोन बंद झाला. आता नुसती घंटी वाजत होती.

“पुन्हा लावून पाह्य,” गोपाल म्हणाला.

“नाही उचलत. कशा उचलतील? अशा वेळी फोन कोणाच्या हातात राह्यते काय?”

सदाशिवराव, म्हणजे प्रेरणाचे बाबा, पोळ्याच्या आधी न्हाणीत घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण त्यांनी काही जमिनीला पाय लावला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवण दोन घास भातावर आलं होतं. असेच पडून राहिले तर माझ्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं होतं. त्या दिवसापासून प्रेरणाच्या पर्समध्ये गंगाजलाची कुपी असे. आई गेली तेव्हा ती वेळेवर पोचली नव्हती. बाबांच्या तोंडात शेवटचं पाणी आपल्या हातचं पडावं, एवढंच ती दिव्यापुढे हात जोडून मागत होती. दुसरं मागण्याची हिंमत तिला राहिली नव्हती.

एक ऑटो बाजूने पुढे निघाला. ऑटोवाल्याने मान बाहेर काढली.

“काहून भाऊ, चार्जिंग संपली काय? ढकलू?”

मागे बसलेल्या बाया खुदखुदल्या.

“पाह्यलं?” प्रेरणा म्हणाली. “ऑटोही पुढे गेला. काढा ते.”

“गाडी उभी केल्याशिवाय निघत नाही.”

“मग करा उभी.”

“नाही.”

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“हिचा आवाज नाही, प्रेरणा,” गोपाल समोर बघतच बोलला. “माणसं मधातून जातात. मागून गाडी आली हे त्याहीले समजतच नाही. अन् ही तर एका झटक्यात पळते. घाईघाईत माह्या हातानं कोणाचा जीव गेला तर?”

“अन् तिकडे जीव जाऊन राह्यला, त्याचं?”

गोपालने गाडी थांबवली नाही, एक्सलरेटरवरचा पायही उचलला नाही.

दत्त चौकात पोलिसाने हात आडवा केला. समोरून बस वळत होती. गाडी उभी असतानाही गोपालने पडद्याला बोट लावलं नाही. प्रेरणाने चौकातल्या देवळाकडे बघून हात जोडले, आणि त्याच हाताने दार उघडलं.

“उतरू द्या मले. पळत जाईन.”

“वेडी झाली काय?” त्याने तिचं मनगट धरलं. “पळत कवा पोचशील? बस.”

“तुमचे बाबा असते तर?”

गोपाल लहानपणीच पोरका झालेला. लग्नात सासऱ्याने त्याला जवळ घेऊन सांगितलं होतं, जावई म्हणून नको, पोरगा म्हणून येत जा. त्याने तिचं मनगट सोडलं. चष्मा काढून बाहीला पुसला.

“ते माह्येही बाबाच होय,” तो म्हणाला.

पोलिसाने हात खाली केला. गाडी पुन्हा तीसवर आली आणि तिथेच अडून राहिली. प्रेरणाने कुपी काढून मुठीत धरली. ओठांवर देवाचं नाव सुरू होतं, पण मधेच तुटत होतं. पुन्हा पहिल्यापासून धरावं लागत होतं.

“ऐका,” ती म्हणाली. आता तिचा आवाज अगदी शांत होता. “आज उशीर झाला, तर या जन्मी तुमच्या हातचं पाणी मले चालणार नाही.”

तिने आजवर कुणाला शाप दिला नव्हता. बोलून झाल्यावर तीच शहारली. पण शब्द परत घेतला नाही.

गोपालचे डोळे भरून आले होते. बाबांच्या गल्लीत वळतानाही त्याने पाय सैल केला नाही. गाडी हवी तेवढी पळाली असती, तर त्या क्षणी त्याने पळवलीही असती.

लांबूनच दिसलं. घरासमोर माणसं जमली होती. बाया पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या.

“झालं,” प्रेरणा म्हणाली. “गेले.”

तिने कपाळ काचेला टेकवलं. गोपालने एकदाच, अर्धा क्षण, तिच्याकडे बघितलं.

तेवढ्यात दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून प्लास्टिकची एक लाल खुर्ची सरकत रस्त्यावर आली.

गोपालने ब्रेक दाबला. खुर्चीपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. गर्दीतून एकच किंकाळी उठली, ती बेबीकाकूंची होती.

खुर्ची ढकलत आलेला म्हातारा तिच्या पाठीवर दोन्ही हात रोवून उभा होता. गाडी आल्याचं त्याला कळलंच नव्हतं. त्याने सावकाश मान वळवली आणि काचेतून आत बघितलं.

“आली काय वं प्रेरणा?” सदाशिवराव म्हणाले. “बेबीनं सांगतलं नं तुले? मी चालून राह्यलो.”