चौथी रेघ

"जन्मभर लोकांच्या लिफ्टची बटणं दुरुस्त केली, पण घरची बेल कधी धड वाजली नाही," काकू पुटपुटल्या. "आणि आता म्हणे यांनी बटण दाबायचं!"

तपासणी करणारी ताई टेबलाखाली वाकून वायर जोडत होती. कुरकुर थेट तिच्या कानात पडली.

"काकू, हे वाजत नाही, नुसतं नोंदवतं," ती हसू दाबत म्हणाली.

पलंगावर लिफ्टवाले काका उताणे पडले होते. डोळे उघडे, नजर छताला. आठ महिन्यांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला, तेव्हापासून हे असंच. आज तपासणीसाठी हॉस्पिटलात आणून डोक्याला वीसेक वायरी चिकटवल्या होत्या. पायाशी मुलगा उभा होता, खिडकीशी मुलगी.

आजच्या नोंदीवर सगळं ठरायचं होतं. काकांना बोललेलं कळतंय असं दिसलं, तर त्यांना घरीच ठेवायचं. नाहीतर गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात हलवायचं. तिथला फॉर्म मुलाच्या खिशात घडी घालून तयार होता. घरी ठेवायचं म्हणजे काकूंनी ठेवायचं. कूस बदलणं, नळीने भरवणं, पुसणं, सगळं त्यांच्या एकटीच्या अंगावर. कमरेला पट्टा बांधून त्या हे रेटत होत्या, आणि त्या पट्ट्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

ताईने बटणाची पिन कॉम्प्युटरला लावली. 'डिव्हाइस सापडलं नाही.' काढून मागच्या खाचेत लावली. पुन्हा तेच.

"रुसलंय," मुलगी म्हणाली.

"नवीन आहे ना, आधी ओळख करून द्यावी लागते." ताईने यादी उघडली, त्यातलं बटण निवडलं, नोंदीला 'होकार' नाव दिलं, रंग लाल. मग स्वतः दाबून पाहिलं. टक्. मेंदूच्या लहरींवर वरून खालपर्यंत लाल रेघ उमटली.

"नुसता हात ठेवला तर?" काकूंनी विचारलं.

"काही होणार नाही. मुद्दाम दाबलं तरच."

काकांची बोटं बटणावर ठेवून ताईने चादर सारखी केली. काकूंनी आपला हात आत सरकवला. "गार पडतो हो हात त्यांचा." खरं तर नातेवाइकांनी लांब बसायचं असतं. ताईने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"काका, ऐकू येतंय? येत असेल तर एकदा दाबा."

लहरी सरकत राहिल्या. मुलाने घड्याळात पाहिलं.

लाल रेघ.

ताईने रेघेची वेळ लिहून घेतली. बारा वर्षं ती हे काम करत होती. अशा खोल्यांमधून बहुतेक वेळा कोरी नोंद घेऊनच बाहेर पडायची.

"तुम्ही शिंपीकाम करायचात?"

काही नाही. मिनिटभर काहीच नाही.

"लिफ्टचं काम करायचात?"

रेघ.

आलेल्या रेघेपेक्षा न आलेल्या रेघेनेच ताईला जास्त हलवलं. इतके महिने बंद असलेल्या दारामागे कुणीतरी जागं होतं, आणि ऐकून, निवडून उत्तर देत होतं.

"तुमची मुलगी इथे आहे?"

रेघ.

"बाबा!" मुलगी पलंगाशी धावली.

"बघा," काकू म्हणाल्या. "मी म्हणतच होते. आता घरी चला."

मुलाने खिशातला फॉर्म काढला. आता फाडणार, असं ताईला वाटलं. पण तो तसाच हातात धरून वडिलांच्या कानाशी वाकला.

"बाबा, तुम्हाला कळतंय, तर तुम्हालाच विचारतो. आईला आता झेपत नाही. ती मरेपर्यंत म्हणणार नाही, आणि आमची म्हणायची छाती होत नाही. तुम्ही तिकडे राहाल का?"

"गप बस!" काकू कडाडल्या. "काही झेपत नाही वगैरे नाही! विचारतोस काय त्यांना असलं!"

लहरी सरकल्या, आणखी सरकल्या.

लाल रेघ.

ताईला वेळ लिहून घ्यायचंही सुचलं नाही.

"आई, पाहिलंस?" मुलाचा आवाज फाटला. "हो म्हणाले ते."

काकूंनी चादरीतून हात भाजल्यासारखा बाहेर काढला. पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे.

"आधीच्या तिन्ही रेघा माझ्या," त्या म्हणाल्या. "ही माझी नाही."